भेदरट रॉकवाला

माझ्या मावसभावापेक्षा भित्रा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणी दाखवला, तर मी त्या दोघांचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करीन. आणि हा गृहस्थ चक्क एका हार्ड रॉक बँडचा मुख्य गायक आहे! गळ्यात साखळ्या, खांद्यापर्यंत केस, दंडावर वाघ गोंदलेला. पण कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघर सोडतो. माइकचा शॉक लागेल म्हणून रबरी चपला घालून गोणपाटावर उभा राहून गातो. नागपूरच्या पोरांना ती स्टाइल वाटली. पुढच्या कार्यक्रमाला दोघेतिघे घरून गोणपाट घेऊन आले.

त्याचा आवाज मात्र भीतीचीच देणगी. लहानपणी धान पिकलं की पोपट हाकलायला त्याला बांधावरच्या माळ्यावर बसवत. माळ्यावर साप चढेल या धास्तीनं तो असा किंचाळायचा, की शेजारच्या चार शेतांतले पोपटही उडून जात. लोक मावशीला म्हणत, "तुमचा पोरगा राखणीले लय चांगला हाय."

बँडनं पहिलं गाणं काढायचं ठरवलं तेव्हा शब्द यानंच लिहिले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या मावशीच्या गावाचं गाणं. व्हिडिओ त्याच पाण्यावर, डोंग्यात, म्हणजे लहान होडीत बसून करायचा होता. त्या दिवशी हा सकाळीच माझ्या दारात.

"भाऊ, तू चाल ना संग. मले भेव लागून राहिलं."

"पाण्याचं ना? जॅकेट घाल."

"पाण्याचं तं लागतेच गा. पण बाबाचं जास्त."

ते मला पटलं. मावसाजी, म्हणजे याचे वडील, पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला आल्यापासून गावाचं नाव घेत नाहीत. घरात चुकून कुणी घेतलं तर ताटावरून उठतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. तेव्हापासून सगळं घर ते नाव गिळून असतं. हे गाणं ऐकून बापाला काही झालं तर, या विचारानं माझा भाऊ वाळला होता.

तरी गेलो. यानं दोन जॅकेटं चढवलेली. डोंगा चालवणारा, मासेमारी करणारा ढिवर म्हातारा एका वाळल्या शेंड्यापाशी थांबला आणि म्हणाला, "हे तुमची आखर. गाई इथंच जमत." पाण्यावर फक्त झाडाचा तो शेंडा होता. हा उभा राहिला. तसा डोंगा हलला, कॅमेराही हलला. मग तो ओरडला. त्याचं ओरडणं मी आयुष्यभर ऐकत आलोय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. ते गाणं नव्हतंच.

व्हिडिओ आला तेव्हा मावसाजींच्या घरात आठ दिवस मोबाइल लपवून ठेवले होते. टीव्हीची वायरही यानं काढून ठेवली. आणि नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी मावसाजींना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काकाजी, तुमच्या पोराचं गाणं लय चालून राहिलं."

घरी येऊन ते ओसरीवर बसले. मी नेमका तिथेच होतो. भाऊ माझ्यामागे माझा शर्ट धरून उभा. मावशी गोळ्यांची डबी घेऊन दारात.

"लाव ते गाणं."

मी लावलं. मोबाइल माझ्याच हातात होता. ती किंकाळी आली. मावसाजी हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "अजून एक डाव." तीनदा ऐकलं.

"तवा आमी समदे चूप बसलो गा," ते म्हणाले. "कागदावर अंगठे देल्ले अन् निंगालो. असं वरडाले पायजे होतं."

माझा शर्ट सुटला. भाऊ त्यांच्या पायाशी जाऊन बसला. मावसाजींनी गावाचं नाव घेतलं, अगदी हळू, आपल्यालाच आठवतंय का बघावं तसं. मग मला व्हिडिओ चौथ्यांदा लावायला लावला आणि त्या शेंड्यापासून अंदाज घेत घेत पडद्यावरच्या पाण्यावर बोट टेकवलं.

"हे आपलं दार."

बोट लागून व्हिडिओ थांबला. तो पुन्हा सुरू करायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत झाली नाही.