भोंगा थांबल्यावर वाजलेली कडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फलटणला दिलेल्या लेकीला नाही. देवापुढं बोलावं म्हणून बसले, तर तिथंही भलतंच काहीतरी मागून उठले. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी माण तालुक्यातल्या एका लहान गावाची ग्रामपंचायत सदस्य. पाठीमागं लोक मला तोंडाळ म्हणतात, ते काही खोटं नाही. आमच्या आळीतले निम्मे बाप्ये मुंबईला, माझा नवराही तिकडंच. मागं राहिलेल्या बायका, म्हातारी माणसं आणि मोबाइलला चिकटलेली पोरं. म्हणून मीच ग्रामसभेत विषय मांडला — देवळावर भोंगा बसवू. सातला वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला परत वाजला की सुटका. आणखी काही गावांत हे चालू होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

त्याच सभेत आमच्या आळीतल्या दिव्याचाही विषय होता. खांब होता, दिवा नव्हता. निधी उरला होता एकाच कामापुरता. माझी शेजारीण हमीदाचाची उठली. पिंजाऱ्याचं घर, नवरा वारलेला, एकुलता एक रफिक मुंबईला गाद्यांच्या दुकानात. ती म्हणाली, "पोरं शिकू द्यात की, न्हाई कोण म्हणतंय? पर आमी म्हाताऱ्यांनी अंधारात जायाचं कुठं?"

मी म्हणाले, "चाची, त्या वक्ताला तुमी भाईर पडताच कशाला?"

सगळे हसले. चाचीही हसली. भोंगा मंजूर झाला.

पहिल्या दिवशी भोंगा वाजून थांबला आणि माझ्याच अंगावर काटा आला. दारं लावलेली, एकही आवाज नाही, कुत्रीसुद्धा गप्प. गावात माणसं आहेत की उठून गेलीत असं वाटावं. त्या शांततेत मी आळीतून फिरायचे, खिडक्यांना कान लावायचे. कुणाचा टीव्ही सापडला की दारातच झापायचे. महिन्याभरात सगळे सुतासारखे सरळ. पंचायत समितीत माझा सत्कार झाला — शाल, नारळ, फोटो.

आणि मी? फेरी मारून घरी यायचे, कडी लावायचे, खिडकीवर दुलई टांगायचे आणि आवाज पूर्ण बंद करून मालिका बघायचे. हसू नका. किंवा हसा, इथवर हसण्यासारखंच आहे. ती दुलईसुद्धा चाचीनंच भरून दिलेली, चांगली जाड.

पुढचं सांगायला मी उगाच वेळ लावतेय, कळतंय मला.

त्या संध्याकाळी पडद्यावर एक बाई तोंड उघडून रडत होती, आवाजाशिवाय. आणि माझ्या दाराची कडी वाजली. मला वाटलं, पकडायला आलं कुणीतरी. मग हाक आली — "सुमन. ए सुमन. दार उघड गं, छातीत कसंतरी व्हतंय."

दुलई जाड होती, नीट ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण ऐकू आलं. शब्दन् शब्द. टीव्ही बंद करून दार उघडायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही मला सुचलं नाही, आधी भीती सुचली. चाची आत येणार, दुलई बघणार, आणि तिच्या पोटात तर काही राहत नाही. उद्या अख्खं गाव माझ्या दारात उभं राहून दात काढणार. मी श्वास धरून बसले. कडी आणखी एकदा वाजली, अगदी हळू. मग काहीच नाही. मला वाटलं, गेली असेल दुसऱ्या कुणाकडं. आणि — कसं सांगू — मी राहिलेली मालिका बघितली. शेवटपर्यंत.

साडेआठचा भोंगा झाला तेव्हा दार उघडलं. माझ्या उंबऱ्यावर एक चप्पल पडली होती. चाचीची.

तिचं दार अर्धवट उघडं होतं. ती आत, उंबऱ्याला लागूनच आडवी. दुसरी चप्पल तिथं दारात निघालेली. मी वाकले तर डोळे उघडे. ती माझ्याकडं बघत होती. मग माझ्या हातातल्या चपलेकडं बघितलं.

ती जिवंत होती, हे मला तेव्हा कळलं होतं. तरी मी आधी ती चप्पल दुसरीशेजारी नीट लावून ठेवली. तिनं ते बघितलं. मग मी ओरडले.

जीप मिळाली, पण दहिवडीचा दवाखाना यायच्या आत संपलं. सगळ्या वाटेभर तिचा हात माझ्या हातात होता. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

रफिक आला, दारातल्या चपलांपाशी बसला. म्हणाला, "अम्मी भाईरच पडली न्हाई, वैनी. कुनाला हाक मारायलाबी सुधरलं न्हाई तिला. मीच एकटीला ठिवली हितं." त्याच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणाले, "तुजा काय दोष रं." एवढंच म्हणाले. तो अजून स्वतःलाच खातोय, आणि मी खाऊ देतेय. घराची किल्ली त्यानं माझ्याकडंच दिली आहे.

पुढच्या ग्रामसभेत दिवा मंजूर झाला. ठराव मीच मांडला. खांब नेमका माझ्या घरासमोर आहे.

भोंगा आजही सातला वाजतो. तो थांबला की माझ्या दाराची कडी वाजते. आधी वाटलं, वारा. दार उघडलं, तर दिव्याच्या उजेडात उंबरा लख्ख मोकळा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पलीकडच्या घरातल्या बाईला विचारलं, तिला काही ऐकू येत नाही. शेवटी मी टीव्ही देऊन टाकला. आता सात वाजायच्या आधीच दार सताड उघडते, कडी भिंतीवरच्या खिळ्याला बांधून टाकते आणि समोर बसते. भोंगा वाजतो. थांबतो. सगळं गाव गप्प होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर, न हलता, बांधलेली कडी वाजते.

परवा ईद आहे. रफिक दर ईदला येतो. त्याच उंबऱ्यावर चपला काढेल, शिरखुर्म्याचा डबा माझ्या हातात देईल आणि म्हणेल, आळीत तेवढ्या तुमीच धावलात, वैनी. मी डबा घेईन आणि त्याला पाणी देईन.