एका लॅब्राडॉरचा मृत्यू आणि दहीभाताचा घास

माझ्या नोकरीत ज्या एका मृत्यूने अख्खं पोलीस ठाणं हादरलं, तो आजही विसरता येत नाही. मयताचं नाव राजा, वय चार, जात लॅब्राडॉर. मयत सोडून इतर कोणाचं नाव इथे देत नाही.

नसबंदीच्या साध्या शस्त्रक्रियेत, भूल दिल्यावर तो गेला. मालक घणसोली गावचे, चाळींचे धनी. तक्रार द्यायला तीस माणसं घेऊन आले. खुनाच्या गुन्ह्यातही मी एवढी माणसं पाहिली नव्हती. डॉक्टरांना आत टाका, एवढंच म्हणणं. जुईनगरच्या त्यांच्या दवाखान्याचं शटर जमावाने आधीच खाली ओढून बंद केलं होतं. तरुण डॉक्टर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी दोनदा विचारलं साहेब, उपाशी आहे ना? हो म्हणाले."

सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. श्वासनलिकेत भाताची शितं. भुलेत उलटी होऊन ती अडकली होती. मालक म्हणाले, दवाखान्यातच घातला असेल भात.

मी हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. प्रत्येकाचा जबाब घेतला. राजाला खायला कोणी दिलं? कोणीच नाही. मालकांच्या आईही नाही म्हणाल्या. कागद आवरून आम्ही उठलो, तर आजी वाटी घेऊन दारात उभ्या.

"कामाला चाललाव ना? दहीभाताचा घास खा. आमचे घरान कोन तसाच भायेर जात नाय."

मी घास घेतला. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"राजाला पण दिला होता का, आजी?"

"त्याला तं वाटीभर दिला. डाक्टरकरं चाललेला ना तो."

मालक तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आम्ही काय टिपून घेतोय, हे आजींना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच ठाण्यात आले. तक्रार मागे घेतो म्हणाले. "साहेब, आयला नका सांगू. मरंल ती." मी म्हटलं, सांगणार नाही, पण शटर तुमच्या हाताने उघडायचं आणि डॉक्टरांची माफी मागायची. त्यांनी दोन्ही केलं, तेही त्याच तीस माणसांदेखत.

जबाबात लोक खोटं बोलतात असं आम्हाला शिकवलं होतं. आजी एक शब्द खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी दहीभात हे खाणं नव्हतंच, तो शकुन होता. चुकला होता माझा प्रश्न. तेव्हापासून मी 'काय केलं' याआधी 'तुमच्याकडे काय करतात' हे विचारू लागलो.

डॉक्टरांचा दवाखाना आता जोरात चालतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी ते स्वतः घरी फोन करतात आणि मालकाशी न बोलता त्याच्या आईला फोनवर बोलावून घेतात.