ताईच्या घरची नवी लाइन

सगळे त्याला तारोबा म्हणत. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि आता डोक्यावर नावापुरते केस उरले होते. उभी हयात तारांकडे बघण्यात गेल्यामुळे रस्त्यानं चालतानाही त्याची मान वर असे, आणि पायाला सतत ठेचा लागत. बायको म्हणायची, "मला बघायला आला तेव्हासुद्धा हा माणूस माझ्याकडे कमी आणि आमच्या दारावरून गेलेल्या तारेकडे जास्त बघत होता."

बायकोखालोखाल त्याचं जवळचं माणूस म्हणजे ताई. आई लवकर गेली, तेव्हा हा रांगत होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, आणि स्वतःचं लग्न त्याच्यापायी चार वर्षं लांबवलं. आता तीही थकली होती. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी सातासमुद्रापार. उतारावरच्या शेवटच्या घरात ती एकटी राही. तिथे मोबाइलला रेंज म्हणून नसायची. खिडकीत उभं राहून हात उंच धरला तर एखादी काडी दिसे, कानाशी आणला की गायब. त्यामुळे ताईचा मोबाइल कपाटात, आणि सगळी भिस्त टेबलावरच्या जुन्या काळ्या फोनवर. रोज संध्याकाळी तारोबा तिला फोन करी. "जेवलीस का?" "जेवले. तू?" एवढंच बोलणं, पण ते झाल्याशिवाय दोघांनाही दिवस संपल्यासारखा वाटत नसे.

मग फायबर आलं. सगळ्या जगात येत होतं, तसं त्यांच्या गावातही. रस्ते उकरले गेले, नारिंगी पाइपांची भेंडोळी चौकाचौकात पडली. तांब्याच्या तारा टप्प्याटप्प्यानं बंद होणार, असं कंपनीनं जाहीर केलं. तारोबाला उतारवयात शिकायला पाठवलं. केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर माणसं बोलतात, हे ऐकून आधी तो खो खो हसला. पण कामाला हात लागला तसा तो त्यात रमला. काचेची दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची, बारीकशी ठिणगी पडायची, आणि दोन्ही एकजीव. असा सांधा जमला की त्याला खांबावर चढल्याइतका आनंद होई.

ताई मात्र काही केल्या तयार होईना. "माझ्या फोनला काय धाड भरलीय? चांगला खणखणीत वाजतो."

"आज ना उद्या तो बंदच होणार आहे, ताई."

"होईल तेव्हा बघू."

तेवढ्यात मुलीला मुलगी झाली, आणि ताईचा सूर बदलला. जुन्या लाइनवर नातीचं नुसतं रडणं ऐकू येई. तारोबानं गळ घातली, "नवी लाइन घे. नात अशी दिसेल की हात लांब करून गाल ओढावा." एका सकाळी तो स्वतःच सामान घेऊन आला. भिंतीवर पांढरी डबी बसवली, जुनी तार कापून गुंडाळली, ताईचा काळा फोन त्या डबीला जोडून दिला.

दुसऱ्या घरांमध्ये काम आटोपल्यावर तो एक वाक्य हमखास म्हणायचा: "ही डबी विजेवर चालते. वीज गेली की फोनही जातो, तेव्हा मोबाइल हाताशी ठेवा." जुन्या तारेचं तसं नव्हतं. तिला वीज एक्सचेंजमधून मिळे, घरात अंधार असला तरी फोन जिवंत राही. हे ताईलाही सांगायचं होतं. पण भाचीनं पाठवलेल्या टॅबचा पडदा उजळला, त्यात ती दिसली, तिच्या मांडीवर ते गुबगुबीत बाळ जांभई देत होतं. ताईनं तोंडाला पदर लावला. तारोबाचेही डोळे भरले. मग चहा झाला, मग पुन्हा बाळ बघणं झालं. वाक्य राहून गेलं.

पुढचे काही महिने ताईचे सोन्याचे गेले. फोन यायच्या आधी ती केस विंचरून तयार बसे. पडद्यावर बोटांचे ठसे उमटलेले असत, कारण बोलता बोलता ती नातीचे पाय चाचपायची. तारोबाला म्हणाली, "तू मला डोळे दिलेस रे, धाकट्या."

आणि मग ते वादळ आलं. दुपारपासून वारा सुटला, झाडं पडली, सगळ्या गावाची वीज गेली. तारोबा भिजून चिंब होऊन घरी आला. बायकोनं विचारलं, "वन्संना फोन लावला का?"

त्यानं मोबाइलवरून लावला. "संपर्क होऊ शकत नाही," असं आतून बाई बोलली.

"लागत नाही."

"मग जाऊन बघायचं का?"

"अगं, वीज नाही तर लागेल कसा? डबी बंद असणार. सकाळी वीज आली की होईल सुरू," तो म्हणाला, आणि डोकं पुसायला लागला.

जुन्या लाइनवर ताईनं फोन उचलला नसता तर तो तसाच ओल्या कपड्यांनी धावत सुटला असता. पण फोन का लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कारण ठाऊक होतं म्हणूनच तो निर्धास्त राहिला.

सकाळी शेजारच्या शिंपिणीनं हाका मारल्या, दार उघडेना म्हणून माणसं गोळा केली. ताई टेबलापाशी जमिनीवर पडलेली होती. संध्याकाळी अंधारात मेणबत्ती शोधताना ती पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. तशीच फरफटत टेबलापर्यंत गेली, वायर ओढून फोन खाली घेतला. रिसीव्हर तिच्या मुठीत होता. अंग बर्फासारखं गार पडलं होतं, पण जीव होता.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली. तारोबा उशाशी बसला होता.

"धाकट्या, मी किती वेळा नंबर लावला रे. आवाजच येईना."

त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं.

"आधी वाटलं, नंबर चुकतोय. मग एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. तरी नाही. माझं काय चुकत होतं?"

"तुझं काही चुकलं नाही, ताई."

"असं कसं? तू लावून दिलेला फोन, तो बिघडायचा नाही. मीच कुठलंतरी भलतं बटण दाबलं असणार." ती थोडीशी हसली. "म्हातारी झाले. आता बरी झाले की मला नीट शिकव."

खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. "शिकवतो," एवढंच तो म्हणाला. गारठ्यानं तिची छाती भरली होती. चार-पाच दिवस ती झगडली आणि गेली. आपल्यालाच फोन लावता आला नाही, असंच समजून गेली.

भाची आली, पण आईचं तोंड बघायला मिळालं नाही. सगळं आटोपल्यावर ती त्या घरात मामासमोर बसली. वीज परत आली होती, भिंतीवरच्या डबीचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

"मामा, वीज गेली की हा फोन बंद पडतो, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आईला सांगितलं होतंस?"

"नाही."

ओरडली असती, दोन शब्द लावून बोलली असती, तर बरं झालं असतं. ती उठली, आईचा चष्मा आणि कंगवा पिशवीत ठेवला. दारात थांबून म्हणाली, "बाळाला बघून आई किती खूश असायची, तेही मी विसरणार नाही. पण आत्ता मला तुझ्याशी बोलता येत नाही, मामा." आणि गेली.

तारोबा कामावर परतला. साहेबांकडे जाऊन म्हणाला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबीबरोबर बॅटरी द्या. साहेब वाईट माणूस नव्हते. हळहळले, वर कळवतो म्हणाले. वरून काही आलं नाही. तारा बंद करायचं काम मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिलं.

एकदा त्याला एका निवृत्त मास्तरांकडे जायचं होतं. त्यांची नजर जवळजवळ गेलेली होती, मोबाइल वापरता येत नव्हता. तारोबानं डबी बसवली आणि हत्यारं बाजूला ठेवून समोर बसला. विजेचं, फोनचं सगळं सांगितलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं.

"मग जुनी तार राहू द्या की," मास्तर म्हणाले.

"नाही राहू देता येत, मास्तर. महिनाअखेर तिच्यातला जीवच जाणार आहे."

"मग वीज गेल्यावर मी करायचं काय?"

तो उठला, समोरच्या घराची कडी वाजवली. तिथल्या बाईला मास्तरांचं नावही ठाऊक नव्हतं. तो तिला हाताला धरून घेऊन आला. "ताई, वीज गेली की एवढं एक करा. यांच्या दारावर थाप मारा. फोन लागत नाही म्हणून निवांत बसू नका." 'ताई' हा शब्द तोंडातून गेला आणि तो घाईघाईनं हत्यारं गोळा करू लागला. बाई गोंधळून बघत राहिली, मग म्हणाली, "मारेन, दादा. नक्की मारेन."

आता प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी तो हेच करतो. एका घराला अर्धा दिवस लागतो. साहेब कुरकुरतात, बरोबरचे म्हणतात, तारोबाला बोलायचा रोग जडला. बायको काही म्हणत नाही. संध्याकाळ झाली की तो उगाच मोबाइल हातात घेतो, मग ती त्याच्या शेजारी येऊन बसते आणि विचारते, "जेवायला वाढू?"

भाचीचा फोन अजून आलेला नाही.