पेटीवाल्या काकांची लबाडी

थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांना मी एकच विचारलं, गाता येईल ना? ते म्हणाले, बोलता नक्की येईल. त्या बसक्या आवाजातही मी त्यांच्याशी भांडून घेतलं.

तीस वर्षं मी काळी पाचमध्ये गात आले. पेटीवरची ती उंच पट्टी माझ्या गुरूंनी ठरवून दिलेली, आणि मला तिचा ताठा होता, खोटं कशाला बोलू? पण आता वरच्या 'सा'ला गेलं की आवाज फाटायचा. पेटीवाले काका वीस वर्षांपासून माझ्या साथीला. शहराच्या टोकाला, रांझीला राहतात, फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांनी हळूच सुचवलं, जरा खालच्या पट्टीत गाऊन बघ. मी त्यांना चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. सांगून टाकलं, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात काळी पाचमध्येच गाईन, आणि नाही जमलं तर गाणं बंद, कायमचं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांनी 'सा' दिला, मी त्यावर तंबोरा लावला आणि डोळे मिटून सुरुवात केली. अन् काय सांगू! वरचा 'सा' लागला, आणि लागून थांबलासुद्धा. तबल्यावर गढा मोहल्ल्यातले भैया होते, एरवी कोणाला दाद म्हणून देणार नाहीत, तेही मान डोलवून राहिले होते. घरी येऊन मी शिरा केला आणि अर्धी कढई एकटीनं संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर काळी पाच लावली. वरचा 'सा' लागेचना. तीनदा पाहिलं, तीनदा आवाज फाटला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांची पेटी स्केल-चेंजर आहे. सगळ्या पट्ट्या एकदम बाजूला सरकवता येतात. बोट काळी पाचवर, पण आवाज निघतो त्याहून खालच्या काळी चारचा. मी त्यांच्या बोटाकडे पाहून खूश, आणि माझ्याच हातानं तंबोरा खाली लावून बसले होते. आता म्हणाल, तीस वर्षं गाणारीला कळलं कसं नाही? कळून घ्यायचंच नव्हतं मला.

तशीच स्कूटर काढली आणि रांझी गाठली. काका अंगणात पेपर वाचत होते. मी दारातूनच विचारलं, "काहून केलं असं? मी काय लहान पोर आहे?"

त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे सगळं कबूल केलं. पेटीचं सोपं होतं म्हणे, अडलं होतं तबल्यापाशी. तबलाही गाणाऱ्याच्या सुरात लागतो, आणि भैयांजवळ तेवढ्या खालच्या सुराचा तबला नव्हता. तो होता गावातल्या दुसऱ्या तबलजींकडे, ज्यांच्याशी भैयांचं चार वर्षांपासून बोलणं बंद. भैया स्वतः त्यांच्या दारात गेले. कारण ऐकल्यावर त्या तबलजींनी तबला तर दिलाच, वर स्वतः बसून सुरात लावून दिला. आता दोघं एकमेकांकडे जेवायला जाऊन राहिले.

मला रागवायचं होतं हो, मनापासून! पण तीन पिकली माणसं माझ्या एका हट्टापायी चोरासारखी फिरली, या विचारानं आधी हसू फुटलं आणि मग रडूच आलं. काकांनी मला रडू दिलं.

"सूर आम्ही खाली घेतला," ते म्हणाले, "गायलीस मात्र तूच."

मग आत जाऊन त्यांनी पेटी आणली, समोर ठेवली, भाता उघडला आणि बोटं पट्ट्यांच्या वर धरून थांबले.

"कोणती पट्टी?"

वीस वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले.

"काळी चार," मी म्हटलं.