आईचा कलेक्ट कॉल

आई पहिल्यांदाच एकटी अमेरिकेत येत होती. न्यूयॉर्कला विमान बदलून आमच्याकडे, शुगर लँडला. तिला इंग्रजी वाचता येई, बोलायची मात्र भीती वाटे. तेव्हा मोबाइल नव्हते. पे फोनवरून कलेक्ट कॉल करताना थेट शून्य दाबलं, की त्या फोनला जोडलेल्या कंपनीचे दर लागत, आणि ते अवाच्या सवा असत. आधी दुसऱ्या कंपनीचा कोड दाबला तर निम्म्याहून कमी. मी सगळ्यांचे दर ताडून पाहून एक कंपनी निवडली होती आणि तिचा कोड आईकडून पाठ करून घेतला होता.

त्याहून स्वस्त युक्ती आमच्या मराठी मंडळींत चालायची. कलेक्ट कॉलचे पैसे फोन घेणाऱ्याने भरायचे. पण त्याआधी मशीन फोन करणाऱ्याचं नाव विचारतं. तिथे नावाऐवजी निरोप सांगायचा. घरच्यांनी तो ऐकून कॉल नाकारायचा. खर्च शून्य.

"विमान वेळेवर आहे की नाही, एवढंच सांगायचं," मी बजावलं होतं.

दुपारी फोन वाजला. मशीनने कंपनीचं नाव भलतंच सांगितलं. मग आईचा आवाज आला, "अरे, जेवलास का तू?" आणि मशीनचा प्रश्न, कॉल घेणार का?

"विमानाचं कुठे काय कळलं? घ्या तो," बायको म्हणाली.

मी घेतला.

"आई, विमान?"

"रद्द झालं. तू घाबरू नकोस हं." तिचाच आवाज कापत होता. "एका बाईनं फोन लावून दिला. मी कोड सांगेपर्यंत तिनं शून्य दाबलंसुद्धा."

"मग निरोप का नाही सांगितलास?"

"इतक्या दिवसांनी बोलायचं, आणि आधी विमानाचं सांगू?"

काउंटरवर तिकीट दाखवून काय म्हणायचं, ते इंग्रजी वाक्य मी तिला सांगितलं. तिने ते म्हणून दाखवलं. अडखळली, पुन्हा म्हणाली. कंपनीचा मीटर चालू होता. मी घाई केली नाही.

नंतर बराच वेळ काहीच कळलं नाही. मी फोनजवळून हललो नाही. अखेर तो वाजला. या वेळी कंपनी मी निवडलेलीच होती, आणि आईचा आवाज खणखणीत.

"सातचं विमान मिळालं. आता फोन काप!"

निरोप पुरा पोचला होता. मी कॉल घेतला.

"अरे, घेतलास कशाला? काप म्हटलं ना!"

"स्वस्तातली कंपनी आहे, आई. बोल तू."