नेरडीगोंड्याची वकिलात आणि एक चूल

आमच्या ह्यांची बदली निजामाच्या मुलखात झाली, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अख्ख्या सांगलीला सांगून टाकलं, "धाकट्या भावजींना परदेशी नेमलंय." त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. निजामाचं राज्य नुकतंच हिंदुस्थानात विलीन झालं होतं. तिथलं नाणं वेगळं, वर्ष फसली सनाचं, दप्तर उर्दू, आणि अधिकाऱ्यांचा दुष्काळ. म्हणून मुंबई राज्यातून माणसं उसनी पाठवत होते. त्या उसनवारीत आमचे हे निघाले. काम काय, तर आदिलाबाद जिल्ह्यातली जमिनीची जुनी उर्दू दप्तरं तपासून नवी उभी करायची. ह्यांना उर्दूचा अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता. सरकारला त्याचं काही वाटलं नाही, ह्यांनाही नाही. मी त्या दिवसापासून ह्यांना 'राजदूत' म्हणायला लागले.

मला पाचवा महिना होता. मिरजेहून आई धावत आली. "बाळंतपण सोडून रानात कुठं निघालीस?" मी म्हटलं, नवऱ्याची आबाळ होईल. साफ खोटं. नवरा स्वतःचं स्वतः उत्तम पाहतो. खरं कारण असं, की माझं पहिलं बाळंतपण मिरजेलाच झालं होतं, आईच्या माजघरात. मुलगा होता. रडलाच नाही. त्यानंतर त्या माजघराचं दार दिसलं तरी मी तोंड फिरवून घेई. सासरी परत आले, तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ह्या जाऊबाई भेटायलाही आल्या नाहीत. मला त्या माजघरात पुन्हा निजायचं नव्हतं. आईला हे सांगणार कसं? म्हणून भांडले आणि निघाले.

मिरज, पुणे, मनमाड, मुदखेड अशा गाड्या बदलत आमची वकिलात निघाली. सामानात दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि लोणच्याच्या बरण्या. मुदखेडला समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. आमच्या बोचक्याकडे पाहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "आंब्याचं लोणचं. दोन बरण्या. एकीत मेथी जास्त आहे." गृहस्थ निजामाच्या करोडगिरीत (जकात खात्यात) तीस वर्षं कारकून होते. "आता करोडगिरी उठली बाई, पण नाक कुठं ठेवू?" असं म्हणून त्यांनी मेथीच्या बरणीतल्या दोन फोडी खाल्ल्या. परराज्यात पाऊल ठेवताना एवढी जकात मला महाग वाटली नाही.

आदिलाबादहून बसने नेरडीगोंड्याला उतरलो. दोन्ही अंगांना सागाचं रान, मध्ये कपाशी-ज्वारीची वावरं (शेतं), आणि आषाढातला काळा चिखल. राजदूतांचा उजवा बूट पहिल्याच पावलाला त्या चिखलात राहिला. त्यांनी परकीय भूमीत प्रवेश केला तो एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा घालून. आम्हाला मिळालेलं घर दोन खोल्यांचं, वर कवेलू (कौलं), आणि चुलीचा धूर त्या कवेलूंच्या फटींतूनच बाहेर जायचा.

शेजारच्या अंगणातून एक उंच, काळीसावळी बाई आमचं सामान न्याहाळत होती. ह्या गिरजाबाई. नवरा वारलेला, मुलगा आणि आपण मिळून शेती करत. माझ्या आईच्या वयाच्या.

"सामान तं लय आणलं. पाटा काऊन आणला वो? आमच्या गावात दगडं नाई काय?"

मला हसूच आलं. आम्ही परदेश परदेश म्हणून आलो, आणि इथं पहिलंच वाक्य मराठीत, तेही माझी खोडी काढणारं!

गल्लीतली सगळी बाळंतपणं गिरजाबाईच करत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. माझ्याकडे पाहताक्षणी त्यांनी महिना बरोबर सांगितला होता. एक दिवस आंबाडीची भाजी घेऊन आल्या, आणि का कोण जाणे, आईला जे सांगितलं नाही ते मी त्यांना सांगून बसले. मिरजेचं माजघर, न रडलेला मुलगा, सगळं. त्यांनी 'अरेरे' केलं नाही. तेलकट हात पदराला पुसला, माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे रडन. गाव जागं करन. भेऊ नको माय, मी आहो न." त्या दिवशी मी चार महिन्यांनी पोटभर जेवले.

आणि मग आम्ही माती खाल्ली.

श्रावणी अमावास्येला इकडे पोळा. आमच्या सांगलीकडचा बेंदूर आषाढातच होऊन जातो, त्यामुळे मला वाटलं, बैलांचा सण एकदा झाला की झाला. आदल्या संध्याकाळी गिरजाबाईंच्या मुलाने बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळले. मग बैलांना कुंकू लावलं, आणि गिरजाबाई हात जोडून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांनी माना हलवल्या. मग तोच करंडा घेऊन बाई आमच्या दारात. आपण विधवा म्हणून सोबत गल्लीतली एक सवाशीण आणली होती, तिने मला कुंकू लावलं आणि गिरजाबाई म्हणाल्या, "अन् तुमाले चूलबंद आवतन. उद्या पोया हाय." बैलांनंतर आमचा नंबर लागला याची मला गंमत वाटली. मीही बैलासारखी मान हलवली.

राजदूत कचेरीतून आले आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, तिच्या वावराची मिसल (फाइल) माझ्या टेबलावर आहे. नवऱ्याचं नाव काढून तिचं लावायचंय. निकाल माझ्या हातात, आणि मी तिच्याकडे पुरणपोळी खाऊ?"

ह्यांचा प्रामाणिकपणा असा, की दुसऱ्याची सुपारी खाल्ली तरी रात्री दचकून उठतील. आमची परिषद भरली. ठराव झाला, की ह्यांनी उभ्याउभ्या जाऊन नुसता विडा घ्यावा, आणि बायकोची तब्येत बरी नाही असं सांगावं. मी म्हटलं, ठीक. पण सण आहे, घरात गोड नको? सकाळी उठून मी पुरण शिजायला टाकलं. चांगली भरपूर चूल पेटवली. हवा दमट होती, लाकडं ओली होती. कवेलूंतून निघालेला धूर वर जाईना. सरळ गिरजाबाईंच्या अंगणात उतरला. तिथं बैलांना ओवाळणं चाललं होतं, सगळी गल्ली जमली होती, आणि ओसरीवर आमच्या नावाची दोन पानं मांडून ठेवली होती. हे तिथं उभं राहून सांगत होते, "तिची तब्येत बरी नाही." आणि तब्येतीचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता.

दुसऱ्या दिवसापासून गिरजाबाई माझ्याशी बोलेनात. विहिरीवर गेले की बायका गप्प. एकजण तेवढं म्हणाली, "बाळंतपनाले निर्मलले जा वो बाई. तेथं मोठा दवाखाना हाय." निर्मल घाट उतरून पलीकडे, आणि पावसात बस कधी येईल ते बसलाही ठाऊक नसायचं. झालं काय, ते मला कळेना. शेवटी ह्यांच्या पेशकारांनी (कचेरीतले मुख्य कारकून) उलगडा केला.

"बाईसाहेब, गुस्ताखी माफ. चूलबंद म्हंजे घरातल्या सगळ्यांना आवतन, मांजरासकट. कुंकू लावून घेतलं की आपण कबूल झालो. त्या दिवशी आपल्या घरातून धूर निघता कामा नये."

"आणि निघाला तर?"

पेशकारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तर त्याचा मतलब असा, की तुमच्या घरचं अन्न आम्हाला चालत नाही."

जिने माझ्या पोटावर हात ठेवला, तिच्या तोंडावर मी भर सणाला हे बोलले होते! धुराने का होईना, बोलले होते.

राजदूत लगेच रदबदलीला गेले. मी दारामागून ऐकत होते. "शासकीय कर्तव्याच्या मर्यादा लक्षात घेता, झालेल्या प्रकाराबद्दल..." असं काहीतरी भाषण चाललं होतं. गिरजाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं." बस, एवढंच. मग मी ताटभर पुरणपोळ्या पाठवल्या. ताट घासूनपुसून परत आलं. मी हरखले. पेशकार म्हणाले, पोळ्या बैलांनी खाल्ल्या.

आठ दिवस मी रडले, चिडले, ह्यांच्यावर भांडी आपटली. सातवा महिना सरत आला होता. रात्रीची झोप उडाली होती. आई लिहीत होती, अजूनही ये. डोळ्यांपुढे सारखं ते मिरजेचं दार. नवव्या दिवशी सकाळी डोकं फिरलं, आणि मी पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

"चहा?" राजदूत म्हणाले.

"नाही."

"जेवण?"

"चिवडा आहे, केळी आहेत, आईचे लाडू आहेत. गिरजाबाई जेवायला वाढत नाहीत तोवर ही चूल पेटायची नाही."

मी उपाशी मुळीच नव्हते, लाडवांचा डबा मांडीवरच होता. हाल झाले ते ह्यांचे. चहाशिवाय हा माणूस कोर्टासमोर उभ्या केलेल्या आरोपीसारखा दिसतो. सकाळ गेली, संध्याकाळ गेली. आमच्या कवेलूंतून धूर नाही. गल्लीतल्या बायका विहिरीवर येता-जाता छपराकडे पाहू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दार धाडकन उघडलं. गिरजाबाई! हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"काऊन वो? पोटात लेकरू हाय, अन् चूल काऊन बंद ठेवून राह्यली?"

मी म्हटलं, "तुम्ही चूलबंद आवतन दिलंय. ते जेवल्याशिवाय कशी पेटवू?"

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. मला वाटलं आता बरसणार. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या ओरडल्या, "मंग दहा दिवस काय करत व्हती? ऊठ!"

जाता जाता मी मिसलीची भानगड सांगितली. गिरजाबाई अशा हसल्या की त्यांना दाराला टेकावं लागलं. "एवढंच व्हतं? मंग सांगाचं व्हतं न! मले वाटलं, आमच्या हातच्या जेवनाचा बाट होते तुमाले." राजदूतांनी मात्र तेवढ्यावर भागवलं नाही. कचेरीत जाऊन त्यांनी मिसलीवर दोन ओळी लिहिल्या, 'सदर अर्जदाराशी शेजारसंबंध असल्याने प्रकरण अन्य अधिकाऱ्याकडे वर्ग करावे', शिक्का मारला, आणि मगच ज्वारीच्या भाकरीला हात लावला. चार भाकरी खाल्ल्या. वर दोन वेळा चहा.

कार्तिकात कपाशी फुटली, त्याच सुमाराला एका सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. बाकीचं काही लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एवढं सांगते, की शेवटी सगळं शांत झालं आणि ती शांतता मला ओळखीची होती. मी किंचाळले, "रडत का नाही?" गिरजाबाई म्हणाल्या, "दम धर न माय. मी आहो न." आणि मग ती रडली. कसली रडली! बाहेर पेशकार 'अल्लाह' म्हणाले आणि राजदूत मटकन पायरीवर बसले. मुलगी. कुंदा.

कुंदा साडेचार वर्षांची होईतो आम्ही तिथंच होतो. मग राज्यांची फेररचना झाली. तालुके इकडचे तिकडे वाटले गेले, आदिलाबाद आंध्रात गेलं, आणि उसनी माणसं ज्याची त्याला परत करायची ठरलं. जायच्या दिवशी गल्लीने आम्हाला चूलबंद आवतन दिलं. मी आदल्या रात्रीच चूल सारवून ठेवली होती. गिरजाबाई बसपर्यंत आल्या, कुंदाला म्हणाल्या, "मोठ्यानं बोलत जाजो," आणि बस सुटायच्या आत पाठ फिरवून निघून गेल्या. मी आदिलाबादपर्यंत रडले. त्याची मला लाज वाटत नाही.

सांगलीत पोचलो त्याच संध्याकाळी जाऊबाई कुंपणाशी आल्या. "आलात एकदाचे परदेशातून? उद्या सगळेच या बाई जेवायला!" आमच्याकडे याला "येऊ की सावकाश" म्हणायचं असतं. मी म्हटलं. जाऊबाई सुटकेने आत गेल्या. कुंदा सगळं ऐकत उभी होती.

सकाळी मी चहाचं आधण ठेवलं. मागून तांब्याभर पाणी आलं आणि चूल फस्सकन विझली.

"काकूनं आवतन देल्लं न? मंग चूल काऊन पेटवून राह्यली?"

मी हात उगारला. पोरगी कोपरापर्यंत राखेने माखलेली, कंबरेवर हात, आणि डोळ्यांत पाणी. काकूचा अपमान होणार म्हणून! माझा हात खाली आला. राजदूत कपाकडे पाहत म्हणाले, "चला. मला ही शिक्षा ठाऊक आहे."

जाऊबाईंनी दार उघडलं तेव्हा हातात डाव होता. चुलीवर दोन माणसांचा भात. "अगंबाई, खरंच आलात?"

"आमची चूल बंद हाय," कुंदाने कळवलं आणि ती मांडी घालून बसली.

जाऊबाईंनी मोठं पातेलं काढलं. लग्नानंतर इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी जेवायला बसले ती तेव्हाच. भात वाढता वाढता त्यांचा डाव थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तेव्हा तू मिरजेहून आलीस, मी आले नाही. काय बोलावं ते कळेना मला. मग दिवस गेले, आणि मग यायची लाजच वाटायला लागली."

मी ताट पुढे केलं.

"वाढा," मी म्हटलं. "अजून वाढा."