नवसात अडकलेला खांदा

देवी आपल्यावर रागावली हे माणसाला कळतं कसं, या प्रश्नानं मला गेल्या आषाढात महिनाभर छळलं. मी मुळातच चौकस. आमचे हे म्हणतात, "ही गाडीखाली आली तरी आधी टायर कुठल्या कंपनीचा ते विचारेल." पण हा प्रश्न कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण चूक माझीच होती आणि मी ती कुणाला सांगितलेली नव्हती.

झालं असं. वैशाखात आमच्या एरंडोलच्या घराच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. खाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय सटकला आणि मी उजव्या हातावर आपटले. खांदा निखळला. जळगावच्या डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, तपासण्या केल्या आणि सांगितलं, सांध्याभोवती एक पिशवी असते, कॅप्सूल म्हणतात, ती फाटली आहे. ऑपरेशन नको, तीन आठवडे हात झोळीत ठेवा, मग व्यायाम. एवढ्या दुखण्यातही मला नवल वाटलं. बावन्न वर्षं मी हा खांदा वापरला आणि त्यात पिशवी आहे याचा मला पत्ताच नव्हता!

पण घरी येताना गाडीत जीव घाबरा झाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आम्हा खानदेशातल्यांची देवी, बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि नैवेद्याचे मांडे मी करते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरायची आणि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायची. हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय ते जमत नाही. पंचवीस वर्षं त्या खापरापाशी मी दुसऱ्या कुणाला बसू दिलेलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा मला माज होता. लोक मांड्याला नावाजायचे आणि मी वरवर म्हणायचे, "छे हो, देवी करून घेते."

त्याच रात्री मी देव्हाऱ्यासमोर बोलून बसले, "कानबाई, तुझ्या मांड्यांसाठी हा हात मला परत दे. तू घरात येईपर्यंत मी ही झोळी सोडणार नाही." तीन आठवडे झाले, चार झाले, मी झोळी काढेना. झोपतानाही नाही. घरच्यांना सांगितलं, डॉक्टरांनीच वाढवून दिलंय. आषाढ लागताना हे मला ओढूनच तपासायला घेऊन गेले, तर हात पुढं छातीपर्यंतही उचलेना. डॉक्टर भडकले. "इतके दिवस बांधून ठेवायला कुणी सांगितलं? असाच ठेवलात तर हा खांदा कायमचा आखडेल." मी मान खाली घातली. देवीला शब्द देऊन बसलेय हे कोणत्या तोंडानं सांगणार?

झोळी निघाली. म्हणजे नवस मोडला. आणि हात तर आलाच नाही. दोन्हीकडून गेले, असं झालं मला.

मग एक दिवसाआड एसटीनं जळगाव, फिजिओथेरपी. तिथल्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, फार गोड. त्या माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "काकू, याचं वजन मला द्या. तुम्ही काही करू नका." मी म्हणायचे, दिलं की! त्या हसायच्या, "कुठं दिलं? मी हात काढला तरी तुमचा हात हवेत तसाच राहतोय." आणि खरंच तो राहायचा. मला मोठं कुतूहल वाटायचं. मी सोडते म्हणते आणि सोडत नाही, मग धरून कोण बसलंय? पण कळून उपयोग शून्य. दुखेल या धास्तीनं हात लाकूड व्हायचा.

आषाढातल्या संकष्टीला पद्मालयाला गेले. तिथं एकाच देवळात दोन गणपती शेजारी शेजारी बसलेत. दोघांनाही विचारलं, माझं काय चुकलं? बाहेर आले तर पायऱ्यांवर एक म्हातारी बांगडीवाली बसलेली. दवाखान्यात माझ्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाढवल्या होत्या, तेव्हापासून तो हात ओकाबोका. कानबाईपुढं तसं कसं जायचं? मी खालच्या पायरीवर टेकले आणि म्हटलं, "जपून गं मावशी, खांदा गेलाय माझा."

तिनं हात धरला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "माय वं, हाऊ हात शे का मुसळ? सोड ना! बांगडी मी भरी राहिनू, तुले धराना काय काम शे?"

"सोडलाय की."

"नही सोडा." मग हातातली बांगडी तशीच ठेवून तिनं विचारलं, "गाव कोणतं? कानबाई बसस का तुनाकडे? मांडा कोण करस?"

झालं, माझी कळच दाबली तिनं! मी सुरू झाले. पीठ किती सैल हवं, पुरण किती वेळ वाटायचं, खापर तापलं हे ओळखायचं कसं. ती मधूनच "हां?" म्हणायची आणि मी आणखी सांगायचे. थोड्या वेळानं ती म्हणाली, "व्हयनं. ऊठ." बघते तर हातात सहा हिरव्या बांगड्या, आणि माझा हात वरच्या पायरीवर बसलेल्या तिच्या गुडघ्यावर निवांत पडलेला. थेट माझ्या खांद्याच्या उंचीला! मी तिथंच रडायला लागले. तिला वाटलं बांगडी टोचली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, पिशवी आखडलीय थोडी. त्याहून जास्त तुम्ही आखडत होता. बोलण्यात विसरलात आणि स्नायू सैल पडले." असेलही तसं. मला ते पटतं. पण मला नेमकं मांड्यांबद्दलच विचारायचं त्या म्हातारीला कसं सुचलं, याचं नवल मला आजही वाटतं. त्या दिवसापासून हात त्यांच्या हातात दिला की मी त्यांना काहीतरी सांगत बसायचे. हात रोज थोडा थोडा वर जाऊ लागला.

श्रावणातल्या विनायकीला मुद्दाम पद्मालयाला गेले. म्हातारी होती. मी पाया पडले, सगळं सांगितलं. तिला माझी ओळखही लागली नाही. "मी ते बठ्ठास्ले हाईच सांगस," म्हणजे सगळ्यांनाच हेच सांगते, म्हणाली आणि दुसऱ्या बाईचा हात धरला. मला वाईट नाही वाटलं, उलट हसूच आलं. देवानं निरोप धाडला असेल तर तो पोचवणारीला ठाऊक असायलाच हवा, असं कुठं आहे?

कानबाई बसली. मी खापरापाशी बसले, पहिला उंडा घेतला, पोळी हातावर घेतली. डावा हात वर गेला, उजवा कपाळापाशी अडला. पूर्वीची मी असते तर दात-ओठ खाऊन तो रेटला असता. त्या दिवशी मी धाकट्या जावेला हाक मारली, "सुनंदा, ही बाजू धर गं." ती बिचकली. अठरा वर्षांत तिला मी पीठ मळण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. तिनं धरली, मग मी माझी बाजूही सोडली. तिनं दोन झोक्यांत मांडा एवढा पसरला की खापराबाहेर लोंबला. आरपार दिसेल इतका पातळ, आणि एक भोक नाही.

मी बघतच राहिले. "अगं, कधी शिकलीस तू हे?"

ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्याकडे बघून, अक्का. तुम्ही कधी म्हणाल याचीच वाट बघत होते."